कोल्हापूरचा फुटबॉल : तालीम आणि पेठ

फ्रान्समधील गँगाँ या सुमारे ७ हजार वस्तीच्या गावाच्या क्लबने २००९ व २०१४ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला. असेच स्थाननिष्ठ फुटबॉलप्रेम महाराष्ट्रात कोल्हापुरात आढळते. मात्र तेथे निष्ठेचे एकक गाव नसून पेठ आहे. कुस्तीच्या तालमींनीच हा परकीय खेळ आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावांत ‘तालीम’ हा शब्द म्हणूनच टिकून आहे. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने खेळास संघटित रूप दिले. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ व मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की ईर्षा शिगेस पोहोचते. प्रसंगी हाणामारीही होते. खेळ जगला तो याच ईर्षेवर. परंतु २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला पुढील प्रशिक्षणासाठी पुणे गाठावे लागले.