खिरीत साखर किती?

वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात खीरदान असते. सकाळपासून मोठ्या पातेल्यात दूध आटत असते, वस्तीतल्या बाया आळीपाळीने ढवळतात आणि वंदना संपली की लहानथोर हातात वाटी घेऊन रांगेला लागतात. गेली काही वर्षे त्या रांगेत एक गोष्ट आमच्या डोळ्यांना खुपू लागली. ज्यांनी हयातभर विहार झाडला, दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, ती म्हातारी माणसे वाटी पालथी ठेवून भिंतीला टेकून बसतात. "आम्हाला शुगर आहे बाई, तुम्ही खा," असे म्हणतात. काही जण मात्र "एका दिवसाने काय होतंय!" म्हणून दोन वाट्या रिचवतात आणि पुढचे चार दिवस दवाखान्याची पायरी चढतात. सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून जी खीर करायची, तीच आपल्या वडीलधाऱ्यांना चालू नये, हे आम्हाला बरे वाटेना. म्हणून आम्ही घरात आणि विहारात साखर मोजायला सुरुवात केली. त्याचा अनुभव भगिनींपुढे मांडत आहोत.

आमचा जिल्हा साखरेचा. लोणीला १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळात हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता. त्याच हरेगावात १९३९ साली बाबासाहेबांनी वतनदार महार-मांगांच्या परिषदेत भाषण केले होते, हे नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून सांगितले. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे आजही हंगाम आला की कोयता घेऊन उसाच्या फडात जातात. पहाटे थंडीत निघताना पोटात काय असते? गोड चहा. दुपारी मोळ्या बांधताना पुन्हा गोड चहा. भूक मारायला साखर हाच स्वस्त उपाय, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणून 'गोड कमी खा' असा उपदेश करायला आमची जीभ सहज वळत नाही. गोडधोड ही आपल्याकडे नुसती चैन नव्हती. आमच्या आजीच्या घरी पोळी आणि गुळवणी वर्षातून दोनदा-तीनदा व्हायची, आणि तीही मागून आणलेल्या गुळाची. चांगले अन्न ताटात घेणे हासुद्धा आपला गुन्हा ठरला आहे. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी अस्पृश्यांनी पंगतीला तूप वाढले म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले, ती हकीकत बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवली आहे. ज्यांच्या ताटातले तूप असे हिसकावले गेले, त्यांच्या घरी आज पाहुण्याला चहात तीन चमचे साखर पडते, त्यामागे हा इतिहास आहे. पाहुण्याला फिका चहा दिला तर आपली अब्रू जाईल असे अजूनही आपल्याला वाटते. २०२३ साली गुढीपाडवा आणि आंबेडकर जयंतीसाठी सरकारने जो आनंदाचा शिधा दिला, त्यातही रवा, डाळ आणि तेलाबरोबर किलोभर साखर होती. जयंती गोड व्हावी हे आम्हालाही मान्य. पण ज्या बाबासाहेबांची जयंती, त्यांना स्वतःला मधुमेहाने किती छळले! माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या पथ्यपाण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीत. आपण मात्र जयंतीच्या मिरवणुकीत त्याच आजाराच्या माणसांच्या हातावर पेढे ठेवतो.

आता थोडा हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे सहा लहान चमचे. त्यात गूळ आणि मधही आले. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की दिवसाचा कोटा संपला. रोज पाच कप पिणाऱ्याने पौर्णिमेची वाटी पालथी घातली, पण चहा तसाच ठेवला, तर त्याने चोर सोडून संन्याशालाच फाशी दिली असे आम्ही म्हणू. पहिला हात चहाला घालावा. दर महिन्याला अर्धा चमचा कमी करीत गेले की जीभ कुरकुर करीत नाही. आमच्या घरात दोनाचा एक चमचा व्हायला दोन महिने लागले आणि आता शेजारचा चहा आम्हालाच पाकासारखा लागतो.

आता खिरीकडे वळू. एक लिटर दुधाला २०० ग्रॅम साखर ही आपली नेहमीची रीत. त्यात आठ वाट्या होतात, म्हणजे वाटीला २५ ग्रॅम. एका वाटीत अख्ख्या दिवसाची साखर! आम्ही करतो ते असे. लिटरभर दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण होईतो आटवायचे. दुधाला स्वतःची गोडी असते. पाणी उडाले की ती दाट होते. घाई करून मोठ्या जाळावर उकळले तर ही गोडी मिळत नाही, उलट दूध बुडाला लागते. त्यात अर्धी वाटी धुतलेला तांदूळ भरड वाटून शिजवायचा. तांदळाऐवजी अकोल्याकडची वरई किंवा खपली गव्हाचा दलिया घेतला तर खीर अधिक पोटभरीची होते. बिया काढलेले नऊ-दहा खजूर कोमट दुधात भिजवून वाटून घ्यायचे आणि पातेले खाली उतरवून जरा निवल्यावर मिसळायचे. साखर फक्त ६० ग्रॅम. वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर मीठ विसरू नये. मिठाने गोडी उठून येते, हे पुरण करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

खजुरातही साखर असतेच, हे आम्ही लपवणार नाही. पण सगळे धरूनही वाटीतली साखर जवळपास निम्म्यावर येते, आणि खजुराबरोबर थोडा चोथाही पोटात जातो. आणखी एक खूण सांगतो. खीर कोमट असताना जास्त गोड लागते, थंड झाली की गोडी कमी भासते. म्हणून कमी साखरेची खीर कोमटच वाढावी. फ्रिजमधली आळणी लागली म्हणून वरून साखर भुरभुरवू नये.

पुरणाच्या बाबतीत आमची पहिली फजिती झाली. किलोभर डाळीला किलोभर गूळ हे प्रमाण आम्ही एकदम निम्म्यावर आणले, तर पुरण कोरडे, भुसभुशीत झाले आणि पोळी लाटताना फुटली. आता पाव किलो डाळीला दीडशे ग्रॅम गूळ घेतो, डाळ जरा जास्त मऊ शिजवतो आणि सुंठ-जायफळ सढळ हाताने घालतो. अशा पोळ्या त्याच दिवशी संपवाव्यात, कारण साखर-गुळाने पदार्थ टिकतो. ते कमी केले की टिकाऊपणाही कमी होतो. घरी चार माणसे आणि पोळ्या चाळीस, हा हव्यासही मग आपोआप सुटतो.

बाजरीचा मलिदा तर आपला हक्काचा. गरम भाकरी कुस्करून त्यात चमचाभर तूप, पिकलेले केळे आणि सुपारीएवढा गूळ. मुलांना ते फार आवडते. नाचणीचे पीठ मंद भाजून, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि वाटलेला खजूर मळला की पाकाशिवाय लाडू वळतात. लाल भोपळ्याच्या घारग्यांना नेहमीच्या निम्मा गूळ पुरतो, भोपळा चांगला पिकलेला मात्र हवा. रताळी कुकरमध्ये झटपट न उकडता चुलीच्या निखाऱ्यात सावकाश भाजली तर दुप्पट गोड लागतात. मंद उष्णतेने त्यातल्या पिठाची साखर होत जाते. सालासकट राहात्याचा पेरू तर काही न करताच गोड आहे. पाहुणा आला की पेढ्याऐवजी कापलेला पेरू पुढे ठेवण्याचा संकोच आम्ही सोडून दिला आहे.

काही भगिनी विचारतात, गूळ घातला तर शुगरवाल्यांना चालेल ना? नाही. गुळात थोडे क्षार असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तात तो तसाच चढतो. मधाचेही तेच. बाजारातल्या साखरेऐवजीच्या गोळ्यांबद्दल मधुमेह्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी केवळ वजन कमी करण्यासाठी त्या वापरू नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ सालचा सल्ला आहे. आणि आपली कमी साखरेची खीरसुद्धा मधुमेह्यांनी जेवणाबरोबर अर्धी वाटीच घ्यावी, भाताचा घास तेवढा कमी करावा. आज गोड खायचे म्हणून गोळी किंवा इन्सुलिन मनानेच वाढवू नये.

याच्या उलटची गोष्टही घरातल्या सर्वांना माहीत हवी. औषध घेतले आणि जेवायला उशीर झाला तर शुगर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. तेव्हा पथ्य बाजूला ठेवून, तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. फडात, मजुरीवर जाणाऱ्या मधुमेह्याच्या खिशात साखरेची पुडी असायलाच हवी.

मागच्या वैशाख पौर्णिमेला आम्ही विहारात हा बेत मांडला तेव्हा वाद झाला. "दानात कसली काटकसर? लोक नावे ठेवतील," असे काही जण म्हणाले. त्यावर एका ज्येष्ठ उपासिकेने एवढेच विचारले, "तथागतांनी सहा वर्षांचे उपासतापास सोडून ती खीर घेतली, ती अंगात बळ यावे म्हणून की आजारी पडावे म्हणून?" मग कोणी बोलले नाही. वीस लिटर दुधाला चार किलो साखर पडायची. त्या दिवशी सव्वा किलो साखर आणि दीड किलो खजूर पडला. पोरांनी नेहमीसारखी दुसऱ्यांदा रांग धरली. एका आजोबांनी मात्र चव घेऊन "साखर विसरला का गं?" असे विचारलेच.

यंदाही तेच प्रमाण ठेवायचे ठरले आहे. ज्या विहारांना करून पाहायचे आहे त्यांनी खजूर आदल्या रात्रीच निवडून, बिया काढून ठेवावा. दीड किलो खजुराच्या बिया काढायला दोन बायांना तासभर लागतो, आणि सकाळच्या घाईत ते काम अंगावर येते.