ओवीचा पत्ता नीट लिहा

प्रबंध वाचताना लेखकाचा शब्द कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, हे पान उघडताच कळलं पाहिजे. अवतरणांचे सगळे नियम त्यासाठीच आहेत. संशोधनलेखनाच्या एपीए पद्धतीत अवतरण ४० शब्दांचं किंवा त्याहून मोठं असेल, तर ते नव्या ओळीवर, डावीकडे जागा सोडून वेगळ्या परिच्छेदात घेतात. एमएलए पद्धतीत गद्याच्या चार आणि पद्याच्या तीन ओळींपुढे हा नियम लागतो. अशा परिच्छेदाला अवतरणचिन्हं लावायची नसतात, कारण सोडलेली जागाच चिन्हाचं काम करते.

लाटेक्स या संगणकप्रणालीत अक्षरजुळणी करणाऱ्यांना हे हाताने करावं लागत नाही. छोट्या उताऱ्याला ‘कोट’, अनेक परिच्छेदांच्या उताऱ्याला ‘कोटेशन’ आणि कवितेला ‘व्हर्स’ अशी स्वतंत्र व्यवस्था तिथे आहे. त्यातली ‘व्हर्स’ मला फार मोलाची वाटते. चरण लांब असून ओळीत मावला नाही, तर त्याचा उरलेला भाग खालच्या ओळीवर आणखी आत सरकवून छापला जातो. त्यामुळे तो नवा चरण नाही, हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. संतसाहित्यावर लिहिणाऱ्यांनी ओव्या ‘कोट’मध्ये कोंबू नयेत.

संदर्भांचंही तसंच. लाटेक्सच्या जोडीला १९८५ साली आलेल्या बिबटेक्स या संदर्भसूचीच्या साधनामुळे पुस्तकाचा तपशील एकदाच नोंदवायचा आणि मजकुरात फक्त त्याची खूण द्यायची, अशी सोय झाली. मार्गदर्शकांनी ऐनवेळी पद्धत बदलायला सांगितली, तरी शेकडो तळटीपा पुन्हा टंकाव्या लागत नाहीत. मात्र देवनागरी नावांची सूची अकारविल्हे हवी असेल, तर बिबलाटेक्स आणि बायबर ही नंतरची जोडी वापरावी.

पण नोंदीत काय लिहायचं, हे कुठलीही प्रणाली ठरवून देत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींत ९०३३ ओव्या आहेत, वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतीत त्याहून कमी. साहजिकच एका प्रतीतला ओवीक्रमांक दुसऱ्या प्रतीत जुळेलच असं नाही. नुसतं ‘ज्ञानेश्वरी, पृ. २१२’ लिहून तर काहीच सापडत नाही. म्हणून संशोधकांना विनंती एवढीच, की अध्याय आणि ओवीक्रमांकासोबत प्रतीचा संपादक आणि वर्षही प्रत्येक वेळी द्या.