ब्रॅडफर्डची लिस्टर मिल

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात १८७०च्या दशकात बांधलेली लिस्टर मिल रेशीम आणि मखमलीसाठी नावाजलेली होती. १८९०-९१मध्ये पगारकपातीविरुद्ध इथल्या कामगारांनी केलेला संप फसला, पण ब्रिटनमधल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या उभारणीला त्यातूनच बळ मिळालं. १९९२मध्ये गिरणी बंद पडली. वारसायादीत असल्याने ती परवानगीशिवाय पाडता येत नव्हती. म्हणून दगडी भिंती आणि सुमारे ७६ मीटर उंच चिमणी जपून आत सदनिका केल्या. मखमल विभागाच्या छपरावर नवी घरं चढवली. जुनं कुठलं, नवं कुठलं, हे लपवलेलं नाही; मला ते फार मोलाचं वाटतं. आपल्या गिरणगावात मात्र बहुतेक गिरण्या पाडल्याच गेल्या. ज्या थोड्या वास्तू उरल्यात, त्या तरी वाचवायलाच हव्यात.