दोन ते आठ

उन्हाने लस बिघडते हे ठाऊक होतं. ती थंडीनेही वाया जाते हे एका सिस्टरांकडून कळलं, तेव्हा राहवलं नाही. लसीकरणाच्या दिवशी सकाळीच त्यांच्या आरोग्य केंद्रात जाऊन बसले.

डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक टेबलावर ओळीने मांडलेले. सिस्टर मधूनमधून एकेक पॅक कानाशी नेऊन हलवत आणि परत ठेवून देत. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. "अजून आवाज नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पॅकला घाम फुटला, आत पाणी डचमळलं, की मगच तो लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये जातो. दगडासारखे गोठलेले पॅक घाईने भरले, तर त्यांना टेकलेल्या कुप्या गोठतात. "दोन ते आठ अंश, मॅडम. दोनच्या खाली गेलं की माझी झोप उडते."

गोठल्याने बिघडतं काय? बाळाच्या पेंटाव्हॅलंट लसीत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात. हा अ‍ॅडज्युव्हंट, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणारा मदतनीस. लसीतला घटक त्या कणांना चिकटतो, शरीराच्या रक्षक पेशी तिकडे धावतात आणि तो गिळतात. अशा मदतनिसाच्या शोधात फ्रान्समध्ये गॅस्तों रामों यांनी घोड्यांवर प्रयोग करताना लसीत चक्क टॅपिओका मिसळला होता. आपला साबुदाणा होतो तेच पीठ. 1926 साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि सहकाऱ्यांनी घटसर्पाच्या लसीत तुरटी वापरली, आणि गिनीपिगांची प्रतिकारशक्ती कितीतरी जोमाने जागी झाली. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार तेव्हापासून आजतागायत वापरात आहेत.

प्रशिक्षणासाठी ठेवलेल्या दोन कुप्या सिस्टरांनी माझ्यासमोर हलवल्या. एकीतला द्रव दुधासारखा एकसारखा राहिला. दुसरी मुद्दाम गोठवून वितळवलेली; तिच्यात कणांचे पुंजके भराभर तळाशी बसले. ते पुन्हा सुटत नाहीत, आणि अशी लस टोचली तर बाळाला पुरेसं संरक्षण मिळेल याची खात्री उरत नाही. कुपीवरचा व्हीव्हीएम (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर) फक्त उष्णता लागली का ते सांगतो. गोठण्याची खूण तिथे उमटत नाही. म्हणून सगळी भिस्त त्या कानावर. दोन ते आठ अंश टिकवणारं हे काम मला डॉक्टरच्या निदानाइतकंच मोलाचं वाटतं.

अंगणवाडीत लसीकरण सुरू व्हायला थोडा उशीर झाला, तर आयांनो, सिस्टरांवर चिडू नका. आइसपॅक वितळायची वाट त्या तुमच्याच बाळासाठी पाहत असतात.