घर एकदम नको, खोली-खोलीने वाढवा

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावात छोटा दुकानदार, शिक्षक किंवा गॅरेजवाला घर बांधायला निघाला की मधेच अडकतो. ग्रामीण आवास योजनेत १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण घरात कुणी महिन्याला १५ हजारांहून जास्त कमावत असेल तर नाव लागत नाही. शहरी योजना २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांनाही व्याजात सवलत आहे, पण ती शहरी भागापुरती.

मग उरते बँक. १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे ९ हजारांचा हप्ता येतो आणि एकूण साडेएकवीस लाखांच्या वर रक्कम भरावी लागते. व्याज नको म्हणून आपल्यातली अनेक कुटुंबे या वाटेला जातच नाहीत.

यावर एक उपाय आपल्याच महाराष्ट्रात करून झालेला आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूरला एक वसाहत उभी केली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. कमाई कमी असो की बरी, तिथे प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचेच, म्हणजे साधारण ४८५ ते ८०५ चौरस फूट. सात घरांच्या मधे ८ बाय ८ मीटरचे सामाईक अंगण. असे तीन गट मिळून २१ घरे आणि त्यांचे मोठे अंगण.

खरी हुशारी पुढे आहे. शेजाऱ्याशी एकही भिंत सामाईक नाही. त्यामुळे पैसे येतील तशी खोली वाढवता येते, कुणाला विचारावे लागत नाही. घराला स्वतःची मोकळी जागा असल्याने पडदाही राहतो आणि मुले अंगणात नजरेसमोर खेळतात.

आता समजा, एकोडीत सात कुटुंबे एकत्र आली. ७५ चौरस मीटरचे सात प्लॉट आणि अंगण मिळून सुमारे ६,३५० चौरस फूट जागा लागेल. रस्त्याची जागा वेगळी. खोल्यांचे माप सगळ्यांचे एकच ठेवले तर सेंट्रिंग, चौकटी, खिडक्या पुन्हा-पुन्हा वापरता येतात, माल एकत्र घेता येतो. पहिल्या टप्प्यात एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम. दुसरी खोली पुढे, वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी.

पण तयारी पहिल्याच दिवशी हवी. पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या हिशोबाने इंजिनिअरकडून काढून घ्या. जिना बाहेरून ठेवा. वर सोडलेल्या सळ्यांना सिमेंटचा लेप द्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसात त्या गंजतात.

जागा एनए आणि लेआउट मंजूर आहे का, हे आधी पाहा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर प्लॉट घेऊ नका. अंगण सामाईक आहे आणि कुणी किती मजले चढवायचे, हेही लेखी ठरवा. बेलापुरात पुढे अनेकांनी मूळ घर पाडून मोठी इमारत बांधली आणि बाजूच्या घरांचा उजेड-वारा कमी झाला.

सात जणांनी एका सतरंजीवर बसून हा कागद आधी केला, तर पुढच्या पिढीचे भांडण वाचेल, इन्शाअल्लाह.