आपल्या घराचा इतिहास

(प्रस्तुत पाठात आपल्या घराण्याची माहिती कशी मिळवावी, ती कोठे सापडते व ती कशी पारखून घ्यावी, हे सांगितले आहे.)

तुमचे पूर्ण नाव एका कागदावर लिहा. त्यात बहुधा तीन शब्द असतील : तुमचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. आता त्याखाली वडिलांचे पूर्ण नाव लिहा. त्यात आजोबांचे नाव मिळेल. आजोबांचे पूर्ण नाव लिहिले की पणजोबा भेटतील. पाहा, तीन ओळींत तुम्ही चार पिढ्यांपर्यंत पोहोचलात! आपली नाव लिहिण्याची पद्धत ही जणू एक छोटी वंशावळच आहे.

आता दुसऱ्या कागदावर आईचे नाव लिहा. तिच्या आईचे, आणि त्या आजीच्या आईचे नाव लिहा. त्या दोघींची माहेरची आडनावे व गावेही लिहा. बहुतेकांची लेखणी येथे अडखळते. पहिला कागद भरला, दुसरा मात्र कोराच राहिला. घराचा इतिहास शोधायचा तो या दोन्ही कागदांसाठी.

हा शोध गावात राहणाऱ्यालाच करता येतो असे नाही. समजा, तुमच्याच वयाची एक मराठी मुलगी कतार देशाची राजधानी दोहा येथे, अल थुमामा या भागात राहते. २०२२ सालच्या फुटबॉल विश्वचषकासाठी येथे एक मोठे क्रीडागार बांधले गेले. त्याचा आकार 'गहफिया' या टोपीसारखा आहे. अरब मुलगे व पुरुष ही विणलेली टोपी पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत. आपल्या पूर्वजांची टोपी त्या लोकांनी अशा रीतीने साऱ्या जगाला दाखवली. या मुलीचे गाव मात्र दूर, रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात आहे. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत, ती तेथे जाते. तेव्हा कोकणात धो धो पाऊस पडत असतो. तिने हा शोध कसा करावा?

सुरुवात माणसांपासून करावी. जुने कागद आणखी वर्षभर थांबू शकतात. पण आजीला आज जे आठवते ते पुढल्या वर्षी आठवेलच असे नाही. कतारची वेळ भारताच्या अडीच तास मागे असते. दोह्यात संध्याकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा गावी रात्रीचे आठ वाजलेले असतात. जेवणे आटोपून आजी निवांत बसलेली असते. कतारमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. दर शुक्रवारी आजीला दूरध्वनी करावा आणि एका वेळी तीन-चारच प्रश्न विचारावेत.

"आजी, तुझा जन्म कोणत्या साली झाला?" असे विचारले तर "काय ठाऊक बाई!" असे उत्तर येण्याचा संभव अधिक. जुन्या माणसांच्या आठवणी सालांना नव्हे, घटनांना बांधलेल्या असतात. म्हणून असे विचारावे : "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू किती मोठी होतीस? लग्न झाले होते का?" कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला. पुण्याची माणसे पानशेतच्या पुराची खूण सांगतात. तो पूर १२ जुलै १९६१ रोजी आला. दुष्काळी भागातील माणसे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगतात. घटनेचे साल आपल्याला ठाऊक असले की आजीच्या आयुष्यातील सालही सापडते.

आजीला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : "लग्नाआधी तुझे नाव काय होते?" आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पहिले नावही बदलत असत. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि शिधापत्रिकेवर दुसरेच, असे घडते. हे माहीत नसेल तर एकच आजी आपल्याला दोन बायका वाटेल.

सुट्टीत गावी गेल्यावर आधी घर पाहावे. माळ्यावरची ट्रंक, देवघरातील फडताळ आणि जुन्या तसबिरींच्या मागची बाजू, यांत पुष्कळ काही दडलेले असते. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, निकाहनामा, खरेदीखत, सैन्यातील किंवा गिरणीतील नोकरीचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, हे सारे पुरावेच होत. तांब्यापितळेची भांडीही उलटसुलट करून पाहावीत. त्यांवर देणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी तारीखही कोरलेली असते. ज्या पणजीचे नाव कोणत्याही कागदावर नाही, तिचे नाव एखाद्या हंड्यावर सापडावे, असेही घडू शकते.

घरातील जुने कागद रद्दी समजून टाकू नयेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, ते अशाच कागदांसाठी. जुन्या घराण्यांची दप्तरे त्यांनी धुळीतून व वाळवीच्या तोंडून सोडवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. महाराष्ट्राचा इतिहास लिहिला गेला तो पुष्कळसा घराघरांतील कागदांवरून.

घरानंतर शाळा. शाळेच्या नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा असा तपशील असतो. सातारा येथील सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. क्रमांक १९१४ समोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. हाच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, आणि त्या गावाच्या नावावरून त्यांचे आडनाव आले. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस आता 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. शाळेच्या वहीतील एक ओळ किती मोलाची असू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

आडनाव बदलते, ही गोष्ट शोध घेताना विसरू नये. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे आधीचे आडनाव गोऱ्हे होते आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे हे घराणे फुले म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या कागदांत 'फुले' एवढेच शोधणारा माणूस अर्ध्या वाटेवरच थांबेल.

यानंतर गावची दप्तरे पाहावीत. लोक ज्याला तलाठी कार्यालय म्हणून ओळखतात, तेथे जमिनीच्या नोंदी असतात. सातबारा उतारा जमीन कोणाच्या नावे आहे हे सांगतो; पण घराण्याचा धागा मिळतो तो फेरफाराच्या नोंदीत. जमीनधारक वारला की त्याच्या वारसांची नावे फेरफारात लिहिली जातात. एका नोंदीवरून त्याआधीच्या नोंदीकडे गेले की पिढीमागून पिढी उलगडत जाते. या नोंदीत लेकींची नावेही आढळतात. मात्र कित्येक घरांत आत्याचे नाव कागदावर येते ते हक्कसोडपत्रामुळे, म्हणजे जमिनीवरचा हक्क तिने सोडला म्हणून. अशी नोंद दिसली तर ती नुसती उतरवून घेऊ नका. तिच्यामागची हकीकतही घरात विचारा.

गावातील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीला 'कोतवाल बुक' म्हणतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ती पाहण्यासाठी अर्ज करावा लागतो. तिच्यातील जुनी पाने पुष्कळदा मोडी लिपीत असतात. मोडी वाचता येत नसेल तर जाणकाराची मदत घ्यावी, किंवा स्वतःच ती लिपी शिकावी. या वहीतील कित्येक नोंदींत बाळाचे नाव नसते. केवळ बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच लिहिलेले असते. जातीचा दाखला मिळवताना व त्याची पडताळणी करून घेताना अशाच जुन्या नोंदी लागतात. म्हणून हा शोध केवळ हौसेचा नाही. एखाद्या मुलाचे पुढील शिक्षण त्याच्या पणजोबांच्या एका नोंदीवर अवलंबून असू शकते.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या असतात. गाव व आडनाव सांगितले की आपल्या घरातील कोण केव्हा येऊन गेले, हे त्यांत सापडू शकते. वसई आणि गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांचा उपयोग होतो. कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ सांगत गावोगाव फिरत. दफ्तर नसले तरी माणसाची जीभ दप्तराचे काम करीत असे, हे यावरून दिसते.

आता पुन्हा अल थुमामाकडे वळू. सुट्टी संपवून आलेल्या मुलीला वर्षभर काम करता येईल ते संगणकावर. महाराष्ट्र शासनाच्या 'महाभूलेख' या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो, आणि 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने फेरफार व उतारे यांच्या प्रती मिळू शकतात. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आहे. पहिल्या वा दुसऱ्या महायुद्धात घरातील कोणी धारातीर्थी पडले असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव शोधावे. मराठा पलटणींतील अनेक जवान पहिल्या महायुद्धात इराकच्या भूमीवर लढले. या यादीत काही जवानांच्या नावापुढे वडिलांचे नाव व गावही दिलेले असते.

खुद्द कतारमध्येही एक साधन आहे. कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने व ब्रिटिश ग्रंथालयाने मिळून २०१४ साली 'कतार डिजिटल लायब्ररी' सर्वांसाठी खुली केली. आखाती प्रदेशाविषयीचे हजारो जुने कागद तेथे घरबसल्या वाचता येतात. त्यांत मुंबईचा उल्लेख वारंवार येतो. याचे कारण असे की, १८७३ पर्यंत आखातातील ब्रिटिश अधिकारी मुंबई सरकारच्या हाताखाली काम करीत. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६६ पर्यंत कतारमध्ये रुपयाच चालत होता. या कागदांत आपल्या पणजोबांचे नाव सापडेलच असे नाही. पण आपले वडील ज्या वाटेने आले ती वाट किती जुनी आहे, हे त्या मुलीला निश्चित समजेल.

समुद्रापार गेलेल्यांचा माग एका नोंदवहीमुळे कसा टिकतो, याचे उदाहरण मॉरिशसमध्ये आहे. १८३४ पासून भारतातील हजारो मजूर करार करून तेथील उसाच्या मळ्यांत गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. प्रत्येकाचे नाव, वय, बापाचे नाव, गाव अशा नोंदी सरकारने केल्या, आणि पुढे छायाचित्रेही काढली. मजुरांवर नजर ठेवण्यासाठी या नोंदी केलेल्या होत्या. आज त्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत, आणि त्याच मजुरांचे वंशज तेथे येऊन आपले मूळ गाव शोधतात.

संगणकावर जे दिसते ते सारेच खरे नसते. एका गावात एकाच नावाची चार माणसे असू शकतात. कोणी हौसेने आपले घराणे थेट एखाद्या राजाशी नेऊन जोडतो, आणि दुसरे लोक तीच वंशावळ उतरवून घेतात. म्हणून प्रत्येक गोष्टीला दोन वेगवेगळे पुरावे शोधा. नावासमोर ते कोठे मिळाले व कोणी सांगितले, हे तारखेसह लिहा. आजीचे म्हणणे व कागद जुळत नसतील तर एक खोडून दुसरे लिहू नका, दोन्ही लिहा. हयात माणसांची जन्मतारीख, पत्ता व इतर खासगी माहिती संकेतस्थळांवर टाकू नका.

या शोधात अभिमानाच्याच गोष्टी सापडतील असे नाही. कर्जापायी गेलेली जमीन सापडेल, लहानपणीच वारलेली मुले सापडतील. कोणावर आपल्याच घराने अन्याय केल्याचेही कळेल. तेही लिहून ठेवावे. नको ते गाळून लिहिलेला इतिहास खोटा ठरतो.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहायचे आहे. आता जन्मणाऱ्या मुलांच्या नातवंडांना आईकडची वाट शोधणे म्हणूनच सोपे जाईल. त्याआधीच्या आज्यापणज्यांची नावे मात्र कोणताही शासननिर्णय आपल्याला परत आणून देणार नाही. ती काही वृद्ध माणसांच्या स्मरणात तेवढी उरली आहेत. आपला दुसरा कागद अजून कोरा आहे. आज संध्याकाळी आजीजवळ बसा, ती दूर असेल तर तिला दूरध्वनी करा, आणि तिला तिच्या आईचे नाव विचारा.

स्वाध्याय

१. 'आपली नाव लिहिण्याची पद्धत ही जणू एक छोटी वंशावळच आहे', असे लेखकाने का म्हटले आहे?
२. आजीच्या आयुष्यातील घटनांचे साल कसे शोधता येते? दोन उदाहरणे द्या.
३. फेरफाराच्या नोंदीतून कोणती माहिती मिळते?
४. उपक्रम : आईकडील तीन पिढ्यांतील स्त्रियांची नावे, त्यांचे माहेर व गाव लिहा. प्रत्येक नावासमोर ही माहिती कोणी सांगितली किंवा कोठे मिळाली, ते लिहा.