पाऊस थांबला, तरी टपटप का?

पत्र्याच्या छपराखाली तुम्ही पावसाळ्यातली एखादी रात्र काढली आहे काय? सुरुवातीला तो ताशासारखा आवाज झोपू देत नाही. पण थोड्या वेळाने कानांना त्याची सवय होते आणि आपण गाढ झोपी जातो. आता समजा, ही सवय होतच नसेल तर?

हा प्रश्न मला एका सहलीत पडला. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे गेलो असता आम्ही सारे चार दिवस वेल्समधील पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर कॅराव्हॅन घेऊन गेलो. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर. त्यात बिछाने, शेगडी, मेज सारे असते. माझा नऊ वर्षांचा भाचा स्वमग्न आहे. अनोळखी खोली, परकी उशी, जेवणाची बदललेली वेळ यांनी तो बेचैन होतो. कॅराव्हॅनमध्ये मात्र त्याची उशी, त्याचे ताट, त्याची खिडकीजवळची जागा त्याच्याबरोबरच प्रवास करतात. म्हणून त्याच्या आईवडिलांनी हा मार्ग निवडला होता.

पहिल्या दिवशी मीच हौसेने एका डेरेदार झाडाखालची जागा सुचवली. रात्री बारीक पाऊस सुरू झाला. थोड्याच वेळात भाचा कानांवर हात दाबून मेजाखाली जाऊन बसला आणि "मामा, झाड नको, झाड नको" असे घोकू लागला. त्याला झाडाच्या सावलीची भीती वाटत असावी, असे मला वाटले. तासाभराने मी बाहेर डोकावलो आणि जरा दरडावूनच म्हणालो, "पाऊस थांबलाय बघ. आता हट्ट पुरे!"

पाऊस खरोखरच थांबला होता. पण छपरावरची टपटप मात्र चालूच होती. ती झाडाची होती! भाच्याने अचूक निरीक्षण केले होते. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मामाच्या मात्र ते लक्षात आले नव्हते.

आता याचे गणित पाहू. बारीक पावसाचा थेंब सुमारे १ मिलिमीटर व्यासाचा असतो. हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटरपेक्षा वाढत नाही. झाडाच्या पानांवर मात्र असे अनेक थेंब एकत्र येतात आणि ५ मिलिमीटर व्यासाचा मोठा थेंब होऊन गळतात. व्यास पाचपट झाला की वस्तुमान ५ × ५ × ५ म्हणजे १२५ पट होते. चार मीटर उंचीवरून पडताना अशा थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर होतो. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहातच. हिशेब केला तर पानावरून गळणारा एक थेंब साध्या थेंबापेक्षा पावणेचारशे पटींहून अधिक ऊर्जेने छपरावर आदळतो!

ते छप्परही वजनाने हलके. मोटारीला ओढता यावे म्हणून कॅराव्हॅनच्या भिंती आणि छप्पर पातळ पत्र्याचे आणि फोमचे करतात. फोम थंडी अडवतो, पण आवाज अडवायला वजन लागते. सिमेंटच्या जड स्लॅबला एवढासा थेंब हलवू शकत नाही. हलका पत्रा मात्र ढोलाच्या पानासारखा कंप पावतो.

पण हा आवाज आम्हालाही येत होता. मग एकटा भाचाच का त्रासला? याचे उत्तर कानात नाही, मेंदूत आहे. मनगटावर घड्याळ बांधले की थोड्या वेळाने त्याचा स्पर्श जाणवेनासा होतो. जे पुन्हा पुन्हा तसेच येते, ते मेंदू बिनमहत्त्वाचे ठरवून बाजूला टाकतो. काही स्वमग्न मुलांमध्ये ही सवय होण्याची क्रिया मंद असते, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या प्रयोगांत दिसले आहे. त्यांच्या बाबतीत शंभरावा थेंबही पहिल्या थेंबाइतकाच ताजा असू शकतो. शिवाय झाडाचे थेंब अनियमित. पुढचा केव्हा पडेल याचा अंदाजच येत नाही. अशा आवाजाची सवय कोणालाही लवकर होत नाही.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवरून स्वमग्नतेचे वर्णन केले, तेव्हाही मोठ्या आवाजांनी ही मुले घाबरतात अशी नोंद केली होती. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची कमी किंवा अधिक जाणीव हे स्वमग्नतेचे एक लक्षण म्हणून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ मध्ये नोंदले गेले. अर्थात प्रत्येक मुलाचे सारखेच असते असे नाही. एखाद्याला आवाज सोसत नाही, तर दुसऱ्याला तोच हवाहवासा वाटतो.

कारण कळले की उपाय सापडतो. घराला चाके होतीच! सकाळी तेथील व्यवस्थापकांना विचारून आम्ही कॅराव्हॅन तीसेक पावले दूर, मोकळ्या गवतावर नेली. भाच्याने स्वतः पावले मोजली. दुसऱ्या रात्री पुन्हा पाऊस आला. त्याने कानांवर आवाज रोखणारी कर्णटोपी चढवली. अशी टोपी आवाज २० डेसिबेलने कमी करत असेल, तर ध्वनीची तीव्रता शंभरावा हिस्साच उरते. तो लगेच झोपला नाही. बराच वेळ खिडकीशी बसून राहिला. पण मेजाखाली गेला नाही. पाऊस थांबला, आवाजही थांबला, आणि तो म्हणाला, "आता बरोबर." मी त्याला आदल्या रात्रीबद्दल 'चुकलो' म्हणालो.

तुम्हीही एक प्रयोग करा. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा ठेवा. मित्राला ड्रॉपरने त्यावर पाण्याचे थेंब टाकायला सांगा. आधी सारख्या अंतराने, मग मनाला येईल तसे. तुम्ही डोळे मिटून धडा वाचल्यासारखे मनात पाढे म्हणा. कोणत्या वेळी पाढा चुकतो? मग डब्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवा आणि फरक ऐका.

आणि गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजू लागताच किंवा दिवाळीत फटाके फुटताच तुमच्या वर्गातला एखादा मुलगा कान झाकून दूर पळाला, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी एवढेच विचारा, "तुला काय ऐकू येतंय?" कदाचित तुम्हाला न जाणवलेले असे काही तो सांगेल.